व्हाळातला किडा ‘नवा’ कधी ठरतो?

“मी पोर होतो तेव्हापासून हे किडे या व्हाळात आहेत. मग हा नवा कसा गं, बाय?”

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, मालकांनी, ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी, माझ्या भाचीला हे विचारले. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, पावसाचे गढूळ पाणी निवळून तळाचे खडे दिसू लागले होते. भाची पोटरीएवढ्या पाण्यात वाकून कातळावरचे शेवाळ चहाच्या गाळणीत खरवडून घेत होती. ती पाणभुंगेऱ्यांचा अभ्यास करते. मी सोबत गेले होते ती डबा, बाटल्या आणि चपला सांभाळायला.

आजोबांना तिने तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले की नाही ठाऊक नाही, माझे झाले नाही. परतताना गाडीत मी तिला तेच विचारले आणि पुढे वर्षभर विचारत राहिले. वर्तमानपत्रात ‘नवी प्रजाती सापडली’ असा मथळा येतो, तेव्हा सगळा घोळ ‘सापडली’ या एका शब्दाने होतो. व्हाळात सापडतो तो किडा. तो नवा आहे की नाही हे व्हाळाकाठी कुणालाच सांगता येत नाही. ते ठरते टेबलावर, भिंगाखाली, शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनांशी आणि पेट्यांतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर जमिनीचा देता येईल. आजोबांचे कुळागर त्यांच्या पणजोबांच्या आधीपासून तिथेच आहे. त्याला सर्व्हे नंबर मिळाला, ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर नोंद झाली, ती फार नंतर. नोंद होताना हद्दी मोजाव्या लागल्या, शेजारच्या जमिनी पाहाव्या लागल्या, हाच तुकडा आधी दुसऱ्या नंबराखाली चढलेला नाही ना हे तपासावे लागले. नव्या प्रजातीचे तसेच आहे. जीव जुनाच असतो, नवी असते ती शास्त्राच्या दफ्तरातली नोंद. आणि खरे कष्ट असतात ते शेजारच्या हद्दी तपासण्यात.

एक खुलासा इथेच करते. शालेय पुस्तकांत ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ असे दोन वेगळे शब्द येतात. त्यांतली जाती म्हणजे एकच एक प्रकारचा जीव, आणि प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. वर्तमानपत्रांत मात्र त्या एकाच प्रकारच्या जीवाला सर्रास प्रजाती म्हणतात. मी इथे तीच रोजची भाषा वापरते आणि गटाला जीनस म्हणते.

आता तो किडा जरा जवळून पाहू. भाचीने गाळणीतले शेवाळ पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात झटकले आणि म्हणाली, “मावशी, आता काही करू नकोस. बघत राहा.” मला वाळू आणि कचरा दिसत होता. मिनिटभराने कचऱ्याचा एक कण चालू लागला. मग दुसरा. मोहरीच्या दाण्याएवढे, दीड-दोन मिलिमीटरचे, गडद तपकिरी. त्यांतला एक वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाला खालून पाय लावून उलटा चालू लागला. आपल्या घरात पाल छतावरून फिरते तसा, फक्त इथे छत पाण्याचे होते. तो उलटा असल्यामुळे त्याचे पोट दिसत होते, आणि ते चांदीचा वर्ख लावल्यासारखे चमकत होते.

तो वर्ख म्हणजे हवा. या किड्यांच्या पोटाकडच्या बाजूला अतिशय बारीक, पाणी न धरणारे केस असतात. त्या केसांत हवेचा पातळ थर अडकतो आणि किडा त्या थरातून श्वास घेतो. थरातला प्राणवायू कमी होऊ लागला की भोवतालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू थोडा थोडा आत येतो. नायट्रोजन मात्र हळूहळू बाहेर झिरपतो, त्यामुळे थर आक्रसतो आणि किड्याला हवा भरायला पुन्हा वर यावे लागते. हायड्रीना नावाच्या जीनसमधल्या किड्यांत आणखी एक गंमत आहे. तोंडापुढे ज्या दोन लांब काड्या दिसतात त्यांना आपण मिशा समजतो, पण त्या जबड्याजवळच्या स्पर्शकाड्या. चाचपडायचे काम त्या करतात. खऱ्या मिशा आखूड असतात. किडा त्या पृष्ठभागाला टेकवून पाण्याचा पापुद्रा फोडतो आणि बाहेरची हवा पोटाकडे ओढतो. मिशांनी श्वास घेणारा प्राणी मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

व्हाळाच्या खळखळत्या भागात, दगडाखाली, एल्मिडी नावाच्या दुसऱ्या कुळातले भुंगेरे राहतात. त्यांना पोहता येत नाही. लांब पाय आणि मोठ्या नख्यांनी ते दगडाला धरून राहतात. त्यांच्या अंगावरचे केस इतके दाट असतात की हवेचा थर आक्रसतच नाही. पाणी वाहते आणि प्राणवायूने भरलेले असेल तोवर त्यांना वर यायची गरज पडत नाही. अशा किड्याला मारायला विष लागत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की केसांतली हवा सुटते आणि तिथे पाणी शिरते. व्हाळाच्या दगडावर कपडे धुवायची आपली जुनी सवय मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहते.

जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख प्रजातींची नोंद झाली आहे. नोंद झालेल्या एकूण प्राण्यांतला साधारण चौथा हिस्सा भुंगेरेच. त्यांतले पाण्यात राहणारे सुमारे तेरा हजार. जाणकारांचा अंदाज असा की पाणभुंगेऱ्यांचा खरा आकडा अठरा हजारांच्या आसपास असावा. म्हणजे हजारो प्रजाती अजून बेनामी आहेत, आणि त्या बहुधा अशाच मोहरीएवढ्या असणार. मोठे, चमकदार किडे लोकांनी आधी उचलले. लहान, काळपट आणि शेवाळात दडलेले मागे राहिले.

मग आजोबांच्या व्हाळातला किडा या नोंदलेल्यांपैकी आहे की बेनामी, हे कसे कळते?

आधी रूप पाहतात. पाठीवरचे कडक पंख, म्हणजे खऱ्या पंखांवरची झाकणे, त्यांवर बारीक खळगे असतात. ते किती, किती खोल, ओळीने की विखुरलेले, दोन खळग्यांमधली जागा गुळगुळीत की खरखरीत, हे नोंदवतात. लांबी-रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. एवढे करूनही जवळच्या दोन प्रजाती वरून इतक्या सारख्या दिसतात की वीस-वीस वर्षे हेच काम केलेले लोकही नुसत्या रूपावरून नाव सांगायला तयार होत नाहीत.

म्हणून नराचे जननेंद्रिय पाहतात. ऐकायला विचित्र वाटते, पण कीटकशास्त्रात हे रोजचे काम आहे. भुंगेऱ्यांत हा अवयव कडक असतो, त्याचा आकार ठरलेला असतो, आणि उत्क्रांतीत तो बाकीच्या अंगापेक्षा लवकर बदलतो. वरून जुळे वाटणारे दोन नर आतून चावी आणि बाटली उघडायचा स्क्रू यांच्याइतके वेगळे निघू शकतात. मादीत असा स्पष्ट फरक बहुतेकदा मिळत नाही. नुसत्या माद्या हाती लागल्या तर अनेक गटांत काम तिथेच थांबते.

हे काम मी मे महिन्यात एकदा पाहिले. भाचीने खोलीतला पंखा बंद केला होता, खिडक्याही लावल्या होत्या. मे महिन्यात आपल्याकडे पंखा बंद म्हणजे काय, ते सांगायला नको. पण वाऱ्याची एक झुळूक आली तर तीन महिन्यांचे काम उडून जाईल, कारण जो अवयव काढायचा तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. वाळलेला किडा तिने कोमट पाण्यात मऊ केला. केसाएवढ्या दोन सुया काडीला लावलेल्या होत्या. एकीने किडा धरला, दुसरीने पोटाचे शेवटचे टोक उचकटून आतले बाहेर ओढले. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवले, म्हणजे मऊ मांस विरघळते आणि कडक भाग स्वच्छ होतो. मग ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली. मी डोळा लावला तेव्हा मला दिसली मधाच्या रंगाची, वाकलेली एक नळी. टोकाला दुमडलेला पडदा आणि बाजूला चार केस. भाची म्हणाली, “हे चार केस बघ. छापील चित्रात तीन आहेत.” तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिला तो पुसायचेही भान नव्हते.

एक केस जास्त म्हणजे प्रजाती नवी, असे मात्र नाही. तो एकच नर तसा असेल, किंवा जुन्या चित्रकाराचीच नजर चुकली असेल. म्हणून आणखी नर पाहायचे, त्याच व्हाळातले, शेजारच्या व्हाळांतले, घाटापलीकडचे. सगळ्यांत चार केस निघाले, नळीचा बाकही वेगळा भरला, तर संशय बळावतो. हल्ली याला जनुकांची जोड देतात. एका पायाच्या पेशींतून डीएनए काढतात आणि त्यातला सुमारे ६५८ अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात. जवळच्या प्रजातींशी त्याची अक्षरे किती जुळत नाहीत ते मोजतात. हा पुरावा मोलाचा आहे, पण इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असा सरसकट नियम कुठेही नाही. शेवटी रूप, अवयव, जनुके आणि राहण्याची जागा यांची साक्ष एकत्र पाहावी लागते.

या सगळ्यात सर्वांत वेळखाऊ असते ते जुने दफ्तर. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १७५८ सालापासून धरतात. स्वीडिश निसर्गअभ्यासक लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती त्या वर्षी निघाली. तेव्हापासून आजपर्यंत कुणीही, कुठल्याही भाषेत, कुठल्याही कोपऱ्यातल्या मासिकात नियमाप्रमाणे नाव दिले असेल तर ते मोजले जाते. दोघांनी एकाच प्रजातीला दोन नावे दिली असतील तर आधीचे नाव टिकते. भारतातल्या पाणभुंगेऱ्यांवर भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थेतल्या वझिरानींसारख्यांनी मोठे काम केले आहे. पण त्याआधीची कितीतरी वर्णने युरोपीय अभ्यासकांची. फ्रान्सच्या रेजिंबार यांनी १८९९ मध्ये भारतापासून मलायापर्यंतच्या एका मोठ्या कुळाचा आढावा फ्रेंचमध्ये छापला. बेल्जियमच्या दॉर्शिमाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाणभुंगेऱ्यांच्या अनेक प्रजातींची वर्णने केली. त्यांचे नमुने पॅरिस आणि ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत आहेत. सत्तरीतल्या किड्याचा शेजारी कोण, हे कळायला ब्रुसेल्समधले खण उघडावे लागतात. जायला पैसे नसतात, म्हणून तिथल्या संग्रह सांभाळणाऱ्यांना पत्र लिहून फोटो मागायचे आणि वाट पाहायची. जुन्या वर्णनात कधी कधी लॅटिनमध्ये चारच ओळी असतात, ‘लांबट, काळसर, चकचकीत’ अशा. या चार ओळींत पन्नास प्रजाती बसतात. तेव्हा मूळ नमुना पाहिल्याशिवाय पर्यायच नसतो.

मूळ नमुना ही या सगळ्या व्यवस्थेची खुंटी आहे. नवी प्रजाती जाहीर करताना एकच किडा निवडून सांगावे लागते की हे नाव याचे. त्याला होलोटाइप म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे २००० सालापासून असा मूळ नमुना स्पष्टपणे नेमणे आणि कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगणे बंधनकारक आहे. एकच का, हे मला बरेच दिवस उमगले नव्हते. समजा वीस किडे पाहून वर्णन लिहिले. तीस वर्षांनी कुणाला आढळले की त्या विसांत दोन प्रजाती मिसळल्या होत्या. मग नाव कुणाकडे राहणार? होलोटाइप ज्या प्रजातीचा निघेल तिच्याकडे. दुसरीला नवे नाव. वाद मिटतो. बाकीच्या एकोणीस किड्यांना पॅराटाइप म्हणतात. ते साथीदार, पण नाव त्यांच्यावर टांगलेले नाही. होलोटाइपच्या टाचणीला बहुधा लाल चिठ्ठी लावतात, म्हणजे आग लागली तर आधी कुठला खण उचलायचा ते कळावे.

किडा मारावा लागतो, याचे मला वाईट वाटले होते. मी ते बोलूनही दाखवले. भाचीने वाद घातला नाही. तिने सांगितले की ती एका जागी लागतील तेवढेच घेते आणि बाकीचा ट्रे त्याच दगडापाशी पाण्यात उलटा करते. तो उलटा करताना मी तिला पाहिले आहे. शेवाळाची गुठळीसुद्धा ती होती तिथेच दाबून बसवते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. अभयारण्यात काही गोळा करायचे तर वनखात्याची परवानगी लागते, आणि म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव असा आपला बराचसा घाट अभयारण्यांतच मोडतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. स्थापना १९१६, मुख्यालय कोलकात्यात. आपल्याला जवळचे केंद्र पुण्याला. म्हणजे इथले नमुने इथल्याच देशात राहतात. भाचीच्या नातवंडांच्या वयाच्या कुणाला ते पाहायचे असतील तर ब्रुसेल्सला पत्र लिहावे लागणार नाही.

आता नाव. लोकांना यातच सर्वांत जास्त रस असतो. नावात दोन शब्द असतात. पहिला जीनसचा, दुसरा त्या प्रजातीचा. दुसरा शब्द वर्णन करणारा निवडतो, पण तो लॅटिन विशेषण असेल तर त्याला लॅटिन व्याकरण पाळावे लागते. गावावरून ठेवायचे तर बहुधा ‘एन्सिस’ हा प्रत्यय लावतात, म्हणजे ‘तिथला’. आपल्या गोव्याची यात चांगली हजेरी आहे. २०१३ मध्ये इथल्या एका चतुराला इडिओनिक्स गोमंतकेन्सिस हे नाव मिळाले. २००७ मध्ये दोन देवगांडुळांना जेजेनिओफिस गोएन्सिस आणि जेजेनिओफिस म्हादेइएन्सिस अशी नावे मिळाली. नदीचे नाव एका बिनपायाच्या, जमिनीत राहणाऱ्या प्राण्याला लागले, ते मला फार आवडते. जांभ्या दगडाच्या सड्यांवरच्या एका बेडकाच्या नावात तर ‘गोंयची’ हा चक्क कोकणी शब्द आहे. माणसावरूनही नाव ठेवतात. बोर्निओत हौशी लोकांसाठी काढलेल्या एका मोहिमेत मिळालेल्या, सुमारे तीन मिलिमीटरच्या एल्मिडी भुंगेऱ्याला २०१८ मध्ये अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओचे नाव दिले गेले. किड्याला स्वतःचेच नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण तसे सहसा कुणी करत नाही. तो संकेत बहुतेक सगळे मनापासून पाळतात.

भाचीच्या मनात एक नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय नुसते नाव छापून आले तर नियमाच्या दृष्टीने त्याला किंमत नसते, पण ते शब्द भटकत राहतात आणि पुढच्या अभ्यासकाला छळतात. अशा नावांना शास्त्रात ‘उघडे नाव’ म्हणतात. वर्णन, शेजारच्या प्रजातींहून फरक, होलोटाइपची नोंद, चित्रे, जागा असे सगळे लिहून ते मासिकाकडे जाते. तिथे दुसरे जाणकार ते तपासतात, शंका काढतात, कधी पुन्हा मोजायला लावतात. मासिक केवळ ऑनलाइन असेल तरी २०१२ पासून चालते, पण त्यासाठी झूबँक या नोंदवहीत आधी नोंद व्हावी लागते. ज्या दिवशी ते प्रसिद्ध होते त्या दिवशी प्रजातीला नाव मिळते. तोवर किडा बाटलीत ‘प्रजाती क्रमांक १’ म्हणूनच राहतो.

आणि किती काळ राहतो? नमुना गोळा होण्यापासून त्याचे नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. इतकी वर्षे नमुने कपाटांत असतात आणि पाहणारी माणसे कमी असतात. या २१ वर्षांत व्हाळाचे काय होते, हा प्रश्न मला छळतो. वरच्या डोंगरातून माती सुटली तर बारीक गाळ दगडांमधल्या फटी भरून टाकतो. दगडाखाली राहणाऱ्याचे घरच बुजते. नाव मिळेपर्यंत तो किडा फक्त बाटलीतच उरला, असेही होऊ शकते.

त्या दिवशी निघण्याआधी भाची काठावरच्या दगडावर चिठ्ठ्या लिहायला बसली. नखाएवढ्या कागदाच्या त्या चिठ्ठ्या बाटलीत, स्पिरिटमध्ये किड्यांसोबतच टाकायच्या असतात. म्हणून शिसपेन्सिलने लिहायच्या, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही दुर्मीळ असला तरी जवळजवळ निरुपयोगी. मोबाइलच्या नकाशावर तालुका होता, गाव होते, पण व्हाळाची नुसती निळी रेघ. तिला नाव नव्हते.

“आजोबा, या व्हाळाला काय म्हणतात?”

“कुठल्या?” आजोबा म्हणाले. “वर झरीचा व्हाळ. खाली वायंगणाचा व्हाळ. तू उभी होतीस ती राखणदाराची कोंड.”

भाचीने पेन्सिलीला टोक काढले आणि विचारले, “कोंड म्हणायचे की कोंडी?”

“कोंड,” आजोबा म्हणाले, आणि ती नीट लिहिते की नाही हे पाहायला चष्मा लावून पुढे वाकले.